अकरा खेकडे आणि खारवट माती

रविवार, ८ जानेवारी २००६

देवगडच्या सहलीहून काल संध्याकाळी परतलो. बेचाळीस मुली नेल्या होत्या, बेचाळीस परत आणल्या, आणि वर अकरा खेकडे.

खाडीच्या काठाला ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो, त्यावर हे हजारोंनी होते. रुपयाच्या नाण्याएवढं अंग. नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी, पिवळीधमक. ती मोठी नांगी तो सारखी उचलून खाली आणतो, जसं कुणाला तरी हाताने बोलवावं. अख्खा काठ बोलावत होता. मुली अक्षरशः वेड्या झाल्या, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. पुढच्या महिन्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. होडीवाल्याला विनंती करून अकरा पकडून घेतले, बरणीत घातले.

आज शाळेची काचेची टाकी घरी आणून धुतली, नळाचं पाणी भरलं, मूठभर मीठ टाकलं, हवेचा पंप लावला. सुकुमारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "भारीच की" म्हणून एकदा डोकावून पाहिलं आणि फौंड्रीला निघून गेला.

मामा मात्र खोलीबाहेर आले. मामा म्हणजे माझे सासरे. पुरात शिरोळकडचं घर बसलं तेव्हापासून, ऑगस्टपासून, ते आमच्याकडे राजारामपुरीत आहेत. गावात त्यांना सगळे तात्यासो म्हणतात. इथे त्यांना हाक मारणारं कुणी नाही, आणि तेही गॅलरीशेजारच्या खोलीतून फारसे बाहेर येत नाहीत. आज आले, टाकीपाशी उभे राहिले.

"जित्ती हायत?"

"हो मामा."

"आन् तू जैनाची लेक न्हवं?"

एवढं बोलून आत गेले. वाईट वाटलं. मी काय मारायला आणलेत?

मंगळवार, १० जानेवारी

तीन मेले.

कालपासून सगळे पंपाच्या नळीवर चढून एकमेकांना चिकटून बसत होते. मला वाटलं खेळतायत. शाळेत मुलींना तसं सांगितलंही. सकाळी खाली तळाला तीन उताणे पडलेले. ते कागदात घेत होते तेव्हा मामा दारात आले.

"पुरात आमी दोन दिस पत्र्यावर बसलो हुतो. चारी बाजूंनी पाणी," ते म्हणाले. "ती खेळत न्हाईत, त्रिशला."

मला एकदम रडू आलं. विज्ञान शिकवते मी, चौदा वर्षं.

पाणी निम्म्याहून जास्त काढलं, मध्ये विटा ठेवल्या. उरलेले आठही लगेच विटांवर आले.

बुधवार, ११ जानेवारी

दानेश्वरीला फोन केला. बी.एस्सी.ची मैत्रीण, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "अगं, मी बरणीतलेच बघितलेत, औषधात बुडवलेले. जिवंत कसे ठेवायचे ते मला कोण शिकवणार?" पण दुपारी ग्रंथालयात जाऊन तिने तासभर पुस्तकं चाळली आणि परत फोन केला. असं माणूस आपल्याला मिळालं याचं बरं वाटलं.

तिचं म्हणणं असं की हे खेकडे हवेत श्वास घेतात, कल्ले नुसते ओले राहिले म्हणजे झालं. सतत पाण्याखाली ठेवले तर गुदमरतात, कोरडे ठेवले तरी मरतात. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक त्यांना विष, म्हणून पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवायचं. मीठ घालायचं, पण समुद्राइतकं खारं नको, खाडीत गोडं पाणी मिसळतं त्या बेताचं. आणि बीळ करायला जमीन हवी.

सुकुमारने शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणून दिली. चाळली, धुतली, टाकीत एका बाजूला उतार केला. आता होईल बरं.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

काल आणखी दोन गेले. सहा राहिले. बीळ करायला जातात, दोन पाय मावतील एवढं भोक पडतं आणि वाळू ढासळते. परत करतात, परत ढासळते. मग कोपऱ्यात अंग चोरून बसतात. भाताची शितं टाकली तर त्यांना तोंड लावत नाहीत.

आज गुळाच्या पोळ्या केल्या. मामांनी ताट बाजूला सारलं, म्हणाले, "मी गूळ सोडलाय." कधीपासून? म्हणे अष्टमीपासून. परवा दूध सोडलं म्हणाले, त्याआधी तूप. माझ्या हातचं त्यांना रुचत नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंच्या हाताची चव मला कुठून येणार? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण सरळ सांगावं ना, की पोळी जाड झाली. एकेक पदार्थ सोडत गेले तर मी करायचं तरी काय?

सोमवार, १६ जानेवारी

आज मामांनी आपणहून टाकीत हात घातला. वाळू मुठीत दाबली, सोडली.

"ह्यात भोक ऱ्हातंय व्हय? घर हुबं ऱ्हाईल का ह्यात? चिकण माती पायजे. खारवट."

"खारवट माती कोल्हापुरात कुठं मिळणार मामा?"

त्यांनी हाताची वाळू झाडली. मग म्हणाले, "माज्या मळ्यात हाय."

सुकुमार दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "तिथं गवत उगवत न्हाय, अकरा वर्षं झाली. खेकडं जगणार हायत व्हय?"

मामा खोलीत निघून गेले. हा विषय घरात निघाला की असंच होतं. नदीकाठची पाच एकर. उसाला पाणी, पाणी, पाणी. शेवटी जमिनीच्या पोटातलं मीठ वर आलं आणि पांढरा थर धरला. सुकुमारचं म्हणणं होतं, वेळेत खोल चर मारून पाणी काढून द्या. मामांनी ऐकलं नाही. "तुम्ही मारली जमीन," असं एकदा सुकुमार चारचौघांत बोलून गेला आणि कोल्हापूरला निघून आला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलतात ते जेवण, औषध, वीजबिल एवढंच.

बुधवार, १८ जानेवारी

शाळेतून आले तर मामा घरात नाहीत! गच्चीपर्यंत जाऊन आले. शेजारच्या बायडाबाईंनी सांगितलं, सकाळीच पिशवी घेऊन स्टँडकडे गेले.

पाच वाजता जिन्यात दिसले. घामाघूम, डोक्यावर खताचं पोतं, त्यात वीसेक किलो माती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एकटा एस.टी.ने जाऊन आला. मी रागावले तर म्हणाले, "कंडक्टर म्हणला, पावणं, माती कुटं न्हेता? म्हणलं, खेकड्यास्नी." आणि हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मी खताची, औषधाची शंका काढली. म्हणाले, "अकरा वर्सं त्यात कायबी घातलं न्हाय. कशाला घालंल कोण?"

जाताना वाटेत आमच्या जैन मुनी महाराजांचं दर्शनही घेऊन आले. महाराजांचा मुक्काम त्या भागातच आहे. "परवानगी मागिटली," म्हणाले. कसली ते विचारलं तर पोतं सोडायला लागले. मला कळलं मनातून. पुढच्या महिन्यात श्रवणबेळगोळला बारा वर्षांनी बाहुबलींचा महामस्तकाभिषेक आहे, गल्लीतल्या निम्म्या घरांनी तिकिटं काढलीत. तिथेच जायचं असणार. एवढ्याशा गोष्टीला परवानगी कशाला? मी उद्याच चौकशी करते.

शनिवार, २१ जानेवारी

हे लिहायलाच हवं, सगळं, नीट.

मामांनी माती भिजवली, पायांनी तुडवली, भिंतीसाठी भेंडा, कच्ची वीट, करतात तशी. गॅलरीतल्या कुंड्यांखालचा कुजका पाला बारीक करून मिसळला. टाकीत एका बाजूला वीतभर जाड थर, तो उतरत उतरत दुसऱ्या बाजूला चार बोटं पाण्यात. खड्याचं मीठ पाण्यात विरघळवून जिभेवर थेंब घ्यायचे आणि थुंकायचे. "आमच्या हिरीचं पाणी असंच लागाय लागलं हुतं. ध्येनात हाय मला," म्हणाले. मग एक रबरी नळी आणून सकाळी पाणी थोडं वर चढवायचं, नंतर ओढून घ्यायचं. दानेश्वरीने सांगितलेली भरती-ओहोटी.

काल काही नाही. आज दुपारी मी वह्या तपासत होते. "त्रिशला," अशी हाक आली, अगदी हळू. टाकीच्या काचेला लागून एक बीळ होतं, बोटभर खोल, तिरपं, आत वळण घेतलेलं. खेकडा मातीची गोळी पायांत धरून वर आला, ती बिळाच्या तोंडाशी ठेवली, परत आत गेला. परत वर. ढासळलं नाही. एकदाही.

आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो. आमटी करपली.

रविवार, २९ जानेवारी

सहाही जिवंत. सगळ्यांची स्वतंत्र बिळं. दुसऱ्याच्या बिळात पाय घातला की भांडण!

ते खातात काय, हे कोडं सुटलं. उन्हाने ओल्या मातीवर हिरवट बुरशीसारखी साय धरली आहे. लहान नांगीने चिमटी चिमटी माती तोंडात घालतात, त्यातलं हवं ते चाखून घेतात आणि उरलेल्या मातीची बारीक गोळी करून खाली ठेवतात. मोहरीएवढ्या गोळ्यांच्या ओळीच ओळी. नराला एकाच हाताने जेवावं लागतं, मोठी नांगी त्या कामाची नाही. मादी दोन्ही हातांनी जेवते. मामा म्हणाले, "बाईमाणूस हाय, तिला काम उरकाय पायजे," आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मी भाताची शितं टाकत होते त्यांच्यापुढे. चिखलच त्यांचं ताट आहे हे कळायला तीन आठवडे लागले.

मामांचं जेवण मात्र एकवेळ झालंय. सकाळी अर्धी भाकरी. बायडाबाई म्हणाल्या, त्यांच्या आजेसासऱ्यांनीही शेवटी असंच एकेक सोडत पाण्यापर्यंत आणलं होतं; म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. दिवसभर टाकीशी बसतात, भूक लागायला हालचाल नको का, असं मी सुकुमारला म्हटलं. तो खूप वेळ माझ्याकडे बघत होता.

रविवार, ५ फेब्रुवारी

मामांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने रेघोट्या मारल्यात. मला वाटलं वेळ जात नाही म्हणून. विचारलं तर म्हणाले, "ही रोज एका टायमाला भाईर येत न्हाईत. आज आठला आली तर उद्या पाऊन तासानं. परवा आनी पाऊन तासानं."

दानेश्वरीला सांगितलं. तिने त्या वेळा मला परत वाचायला लावल्या. मग म्हणाली, "त्रिशला, रोज पाऊण-एक तास उशिरा येते ती भरती-ओहोटी. ते अजून देवगडची वेळ पाळतायत."

दीडशे किलोमीटरवर, डोंगराच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. मामांना सांगितलं. त्यांनी पाणी काढायची वेळ त्याच दिवशी बदलली, खेकड्यांच्या वेळेप्रमाणे केली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. "आमच्या गावात आता हरभरा सोंगायची येळ," असं काहीतरी म्हणाले. सुकुमार बाहेर सोफ्यावर होता, त्याने पेपर खाली ठेवला.

बेळगोळच्या बसमध्ये त्यांच्यासाठी जागा मिळतेय असं सांगितलं. म्हणाले, "कुणी सांगिटलं तुला मला जायाचं हाय म्हणून?" काही कळत नाही या माणसाचं.

रविवार, १२ फेब्रुवारी

आज माझ्या हातून झालं ते इथे तरी लपवत नाही.

मोठ्या नराने पाच दिवसांपूर्वी आपलं बीळ मातीने आतून बंद केलं होतं. बाहेर आला नाही. मला वाटलं मेला, आत कुजून पाणी खराब करील. मामा म्हणाले होते, "हात लावू नगस. त्याचं काम चाललं आसंल." सकाळी ते बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले आणि मी चमच्याने बीळ उकरलं.

तो जिवंत होता. शेजारी त्याचं जुनं कवच पडलेलं, रिकामं, पूर्ण, नांगीसकट. आणि तो फिकट, मेणासारखा मऊ. चमच्याची कड त्याला लागली. दुपारपर्यंत गेला.

दानेश्वरीने वाचून दाखवलं. वाढताना कवच टाकतात, नवं कडक होईपर्यंत एकांत हवा असतो. आता काय उपयोग?

मामा आले तेव्हा मी स्वयंपाकघरात बसले होते. सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून वाट बघत होते. ते समोर पाटावर बसले.

"काळजीनंच उकारलंस न्हवं?"

"हो."

"मीबी काळजीनंच केलतं. ऊस वाळंल, ऊस वाळंल म्हणून रातध्याड मोटर चालू. सुकुमार सांगत हुता, बास करा, चर मारा. माजं मन ऐकंना. तहानेलं ठेवायचं कसं म्हणून पाणी दिलं आन् पाण्यानंच मारली जमीन." मग म्हणाले, "तेचं बरूबर हुतं. पर सांगाय तोंड न्हवतं."

सुकुमार दारात उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. तो आत आला नाही, गेलाही नाही. मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्याने मामांच्या हातात दिलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. टाकी हलवली असती तर बिळं मोडली असती, म्हणून मी नेली नाही. मुख्याध्यापिका नाराज झाल्या. मी मामांच्या रेघोट्यांचं कॅलेंडर लावलं, टाकीचं चित्र काढलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अकरा आणले. आमच्या अज्ञानाने सहा मेले.' प्रत्येकाचं कारण पुढे. मुली सगळ्यांत जास्त वेळ तिथेच उभ्या होत्या. परीक्षकांनी बक्षीस दिलं नाही. मला चुकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

शनिवार, ४ मार्च

मामा आज पुन्हा महाराजांकडे गेले होते. या वेळी सुकुमारने मोटारसायकलवर नेलं. परत आल्यावर म्हणाले, "महाराज म्हणले, हातात जीव हायत, त्यांची येवस्था हुईस्तवर दुसरं कायबी ठरवायचं न्हाय. आन् त्यानंतर येऊन परत इच्यार. मी सांगून आलो, आता इच्यारणार न्हाय."

बेळगोळचा सोहळा तर झालासुद्धा, आता काय विचारायचं होतं! मी तसं म्हटलं. सुकुमार गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. गाडीवरची धूळ डोळ्यांत गेली असणार, रस्ता फार वाईट आहे तो.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मामांनी आज दिवसातलं दुसरं ताट मागितलं. वांग्याची भाजी होती. "मीठ कमी हाय," म्हणाले. दोन महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं त्यांनी. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

रविवार, २६ मार्च

ऊन वाढलंय. टाकीची काच दुपारी हाताला चटका देते. ओली गोणपाटं लावतोय, पण पाणी लवकर आटतं, खारेपणा वाढतो, मग परत गोडं पाणी घालायचं. उरलेला एकटा नर रोज नांगी हलवतो. समोर माद्या चारच, आणि त्या त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

मामा म्हणाले, "जगल्यात, पर जगाय न्हेमकं काय लागतंय ती आपल्याकडं न्हाय. हजार असत्यात म्हणलीस न्हवं तिथं? पोचवून येऊ."

मी हो म्हटलं. मला सोडवत नाहीयेत, हे मात्र खरं.

सोमवार, १० एप्रिल

काल जाऊन आलो. सुकुमारने मित्राची जीप आणली. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. पाच खेकडे ओल्या मातीसकट टबात, वरून ओलं फडकं. मामा पुढे बसले होते. गगनबावड्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. एक म्हातारा जाळं विणत बसला होता. आम्ही खेकडे परत सोडायला आलोय म्हटल्यावर त्याने आमच्याकडे असं पाहिलं की विचारू नका. "कोल्हापुरातसून?" "व्हय," मामा म्हणाले, "पावनं हुती आमच्याकडं."

चिखल उघडा पडला आणि बिळं दिसायला लागली. आधी दहा, मग शंभर, मग मोजता येईनात. बाहेर आले आणि सगळ्या काठाने नांग्या हलवायला सुरुवात केली. मामा बघतच राहिले. आपल्या पाचांना त्यांनी एकेक करून ओंजळीतून खाली ठेवलं. चार लगेच पळाले. पाचवा, आमचा नर, जागेवर थांबला, मग त्याने नांगी उचलली. थोड्या वेळाने तो कुठला आणि बाकीचे कुठले, हे मला सांगता आलं नसतं.

मामा आणखी पुढे गेले, माती बघायला. वाकून मुठीत घेतली, चिमूट जिभेवर ठेवली. मग मागे फिरायला गेले तर पाय निघेना. गुडघ्यापर्यंत रुतले होते. सुकुमार चपला फेकून धावला, त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागला आणि स्वतःच रुतला. "सोड मला, तू बाजूला हो!" "तुम्ही हलू नका हो अप्पा!" सुकुमार त्यांना अप्पा म्हणतो, हे मी विसरूनच गेले होते. जाळंवाला फळी घेऊन आला. दोघं बाहेर आले तेव्हा ओळखू येत नव्हते. माझ्या पोटात हसून दुखायला लागलं.

नळावर पाय धुताना मामा म्हणाले, "बगितलंस? खारी हाय, पर रोज पानी येतंय आन् रोज जातंय. थांबत न्हाय. म्हणून जित्ती हाय."

सुकुमार म्हणाला, "मग मी अकरा वर्षं काय सांगत होतो?"

"चर किती खोल म्हणत हुतास?"

"सहा फूट."

"सहानं कायबी हुत न्हाय. आठ पायजे."

"आठ? नदीचं पाणी उलटं आत घ्यायचंय व्हय?"

जीप सुरू झाली. घाट चढताना वाद चालू, दाजीपूरला चहाला थांबलो तेव्हा टेबलावर बोटाने चर आखणं चालू, पाईप सिमेंटचा का प्लास्टिकचा यावर आवाज इतके चढले की हॉटेलवाला आतून बघायला आला. मामा म्हणत होते, पाऊस यायच्या आत मी गावाकडं जाणार, एक खोली उभी केली तरी बास. सुकुमार म्हणत होता, एकटे नाही, दर शनिवारी मी येणार.

मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. दोघांपैकी एकानेही मला काही विचारलं नाही. राधानगरी आली तरी दोघं भांडतच होते, आणि हे थांबू नये म्हणून मी मनातल्या मनात आठवेल त्या देवाला हात जोडत होते.